सतराव्या खोक्यातले अर्ज

वकिलीच्या अभ्यासात पहिली तीन वर्षं माणसाला वाटत असतं की कायदा म्हणजे जाडजूड पुस्तकं, गाजलेले खटले आणि टेबलावर मूठ आपटून केलेले युक्तिवाद. चौथ्या वर्षी डोळे उघडतात आणि कळतं की कायदा म्हणजे अर्ज. शेवटची परीक्षा व्हायच्या आत एखाद्या फर्मने प्रशिक्षणार्थी म्हणून पदरात घेतलं तर निभावलं, नाहीतर पदवीची सुरळी काखेत मारून दारोदार हिंडायचं. चिमीने त्या वर्षात त्रेचाळीस अर्ज केले.

चिमी हे घरचं नाव. कॉलेजात ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि घरी त्या नावाने हाक मारायला एकच माणूस उरला होता, तिचे बाबा. आई ती सातवीत असताना गेली. बाबा पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात प्रेसच्या यंत्रावर होते. सव्वीस वर्षं तिथे काढली आणि गेल्या वर्षी एक दिवस काम सोडून घरी बसले. का सोडलं विचारलं तर म्हणाले, "पुरे झालं." बाबांचं बोलणं असंच, तोलूनमापून, आणि माप नेहमी थोडं कमीच भरायचं.

अर्जांची तऱ्हा काय सांगावी. प्रत्येक फर्मचा फॉर्म वेगळा, आणि प्रत्येकात एक चौकोन ठरलेला: आपल्याला आमच्याच फर्ममध्ये का यायचं आहे? खरं उत्तर एका ओळीचं होतं, बाकीच्यांनी घेतलं नाही म्हणून. पण तसं लिहून चालत नाही. मग चिमी फर्मच्या माहितीपत्रकात बघून लिहायची की आपल्या मूल्यांशी माझी मूल्ये जुळतात. बेचाळीस फर्मांशी तिची मूल्यं जुळली. एवढी जुळणारी मूल्यं असलेली मुलगी खरं तर कुणीही हातोहात उचलायला हवी होती. पण एकवीस जणांनी खेदपूर्वक कळवलं आणि एकवीस जणांनी खेदही कळवला नाही.

वर्गातल्या बाकीच्यांचं बरं चाललं होतं. कुणाचा काका न्यायाधीश, कुणाची मावशी फर्मची भागीदार. त्यांचे अर्ज टपालाने नाही, जेवणाच्या टेबलावरून जायचे. चिमीला त्यांचा राग नव्हता. दुसऱ्याच्या मावशीवर रागावून आपल्याला मावशी थोडीच मिळते! सुट्टी लागली तशी एकेकजणी आपापल्या फर्मकडे पांगली आणि वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर ती एकटी उरली. खाणावळ बंद झाली. जिन्यातला दिवा गेला, तो बदलायला कुणी आलं नाही, कारण तक्रार करणारी एकटीच होती. ती छपाईयंत्राशी बोलायची. "आता अडकू नकोस हं, शेवटचा कागद आहे," असं म्हणायची आणि आपलाच आवाज ऐकून दचकायची. तिला एकटं वाटायचं. याला दुसरा सभ्य शब्द शोधण्यात अर्थ नाही.

रविवारी सकाळी दहाला ती बाबांना फोन करायची. हा फोन म्हणजे तिच्या आठवड्यातली एकमेव ठरलेली गोष्ट, आणि त्यातूनच ती सगळ्यात रिकामी होऊन बाहेर पडायची. ती सांगत राहायची, आणि पलीकडून "हं", "हं", "बरं". मग बाबा विचारायचे, "जेवतेस ना वेळेवर?" मग, "अभ्यास?" मग, "नीट राहा." तेच तीन प्रश्न, त्याच क्रमाने. ती तापाने फणफणलेली असो की बक्षीस मिळवून आलेली असो. दुसऱ्या वर्षी ती एका विषयात नापास झाली. रडत रडत तिने सांगितलं, "बाबा, मी नापास झाले." बाबा म्हणाले, "छान, छान. असंच चालू दे."

तिने फोन ठेवला आणि पुढचे तीन रविवार केलाच नाही. चौथ्या रविवारी राहवलं नाही म्हणून केला. "चिमी? चिमीच ना?" एवढं ते घाईघाईने म्हणाले, आणि मग पुन्हा जेवण, अभ्यास, नीट राहा. त्या दिवसापासून तिने मनाशी एक ठरवून टाकलं. बाबांना आपल्यात रस नाही. प्रेम असेल, जबाबदारी म्हणून असतंच. पण आपण बोलतो ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही, पालथ्या घड्यावर पाणी. तरी ती फोन करत राहिली. करायला दुसरं होतं कोण?

त्रेचाळिसावा अर्ज लिहिताना ती थकली होती. "का" विचारणाऱ्या चौकोनात तिने मूल्यांना हात लावला नाही. लिहिलं: "मला वाचायचा कंटाळा येत नाही. हातात आलेला कागद मी अर्धवट सोडत नाही." लिहिल्यावर हसू आलं, आता हाही गेला. आठव्या दिवशी त्याच फर्मचं बोलावणं आलं.

दोन आठवड्यांची चाचणी होती. चार विद्यार्थी, आणि शेवटच्या शुक्रवारी एकाला प्रशिक्षणाची जागा. जागा म्हणजे दोन वर्षं पगारी काम आणि पुढे सनद. चिमीसाठी त्या जागेचा अर्थ याहून साधा होता: सकाळी उठून जायला एक टेबल, आणि त्या टेबलावर आपण आलो नाही तर "आज आली नाही का?" असं विचारणारं कुणीतरी.

रुजू होताना एक फॉर्म भरायचा होता. फर्मच्या अशिलांपैकी कुणाशी आपला किंवा नातलगांचा संबंध आहे काय? सोबत अशिलांची चार पानी यादी. चिमीने आपल्या सवयीप्रमाणे चारही पानं वाचली, ओळखीचं एक नाव दिसलं नाही, "नाही" वर खूण करून सही केली.

काम ज्यांच्या हाताखाली होतं त्या फर्मच्या भागीदार होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. बुटक्या, केस पांढरे, आवाज इतका हळू की ऐकायला समोरच्याने पुढे वाकावं. पहिल्या दिवशी त्यांनी चौघांना तळघरातल्या वाचनखोलीत नेलं. खोलीला खिडकी नव्हती. भिंतीला लागून कागदाची चाळीस खोकी.

"आपल्या अशिलाचे नऊ कारखाने आहेत," त्या म्हणाल्या. "एका कारखान्यातल्या सहा कामगारांनी दावा लावलाय, यंत्रांच्या आवाजाने कान गेले म्हणून. अशिलाचं म्हणणं, असा त्रास होतो याची आम्हाला कल्पनाच नव्हती, कुणी कधी तक्रार केली नाही. तसलीच यंत्रं बाकी कारखान्यांतही आहेत, म्हणून नऊ ठिकाणचे कागद आलेत. एकेक कागद वाचायचा. कामाचा, बिनकामाचा, असे ढीग लावायचे. कामाचे असतील ते समोरच्या पक्षाला दाखवावे लागतात, मग ते आपल्याला गोड लागोत की कडू. प्रत्येक फाईलवर स्लिप आहे. कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत वाचलंत ते लिहून सही."

मग थोडं थांबून, आणखी हळू: "आणि एक नियम. वाचताना ओळखीचं नाव दिसलं तर तिथेच थांबायचं. पुढची ओळसुद्धा वाचायची नाही. फाईल मिटायची, जिना चढायचा, मला सांगायचं. बाकी चुका मी पोटात घालते. ही नाही घालता येत. आणि इथे वाचलेलं या खोलीबाहेर जात नाही, जन्मभर." चौघांनी तशा कागदावर सह्या केल्या.

उरलेल्या तिघांत दोघी एकाच कॉलेजातल्या होत्या, त्यांची जोडी जमलेली. तिसरा मुलगा एका बड्या वकिलाचा. पहिल्याच दिवशी त्याने शिपायाला चहा सांगितला, पंखा वाढवायला लावला आणि खुर्ची ऐसपैस मागे रेलली, म्हणून चिमीने मनातल्या मनात त्याचं नाव जावईबापू ठेवलं. दुपारी तो आणि त्या दोघी रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जेवायला जात. पहिल्या दिवशी त्यांनी तिलाही विचारलं. ती म्हणाली, "मी डबा आणलाय." आणला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, आणि मग तिला वाटलं, विचारलं असतं तर गेले असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती मागच्या जिन्याच्या पायरीवर बसून पाव खायची आणि खालून जाणाऱ्या लोकांच्या टाळक्यांकडे बघायची.

काम मात्र तिला आवडलं. हजेऱ्या, तेलाच्या मागण्या, सुट्टीचे अर्ज, कुणाच्या तरी सासूच्या आजारपणाची चौथ्यांदा दिलेली कारणं. एका फोरमनने सुट्टीसाठी तीन वर्षांत एकाच आजोबांना दोनदा मारलं होतं. चिमी हसली आणि ते सांगायला शेजारी वळली, तर शेजारची खुर्ची रिकामी होती. तिचे ढीग सगळ्यांत आधी लागत आणि सगळ्यांत नीट. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मॅडम खाली आल्या, तिची एक फाईल उघडून चाळली आणि म्हणाल्या, "अर्जात लिहिलेलं खरं होतं म्हणायचं." चिमीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या रविवारी तिने बाबांना सांगितलं, "बाबा, बहुतेक मिळेल मला जागा. बहुतेक." बाबा म्हणाले, "बरं. जेवतेस ना वेळेवर?"

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी तिच्या वाट्याला सतरावं खोकं आलं. वर चिठ्ठी होती, "शाखा सहा, कामगारांचे अर्ज". सकाळचे अकरा वाजले होते. तिसरी फाईल पातळ होती. तिने पुठ्ठा उलटला आणि पहिल्याच कागदावर तारखेखाली दोन समांतर रेघा दिसल्या, पट्टी लावून ओढल्यासारख्या. तारखेखाली दोन रेघा ओढणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता. तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दर तिमाहीला तशाच दोन रेघा असत.

खाली नाव होतं. बाबांचं. वर छापलेलं कारखान्याचं नाव मात्र तिला परकं होतं, आणि त्याच्या बाजूला लहान अक्षरांत "पूर्वीचा डबा कारखाना". कधीतरी मालक बदलला होता. घरी सगळे "डबा कारखाना"च म्हणायचे, बाबाही. यादीतल्या चार पानांत ते नाव नव्हतं, ते नव्या मालकाच्या नावाखाली झाकलं गेलं होतं.

इथे तिने फाईल मिटायला हवी होती. नियम तिला तोंडपाठ होता. हात पुठ्ठ्यावर गेलाही. पण तो वाचला जाणारा कागद नव्हता, तो बाबांचा आवाज होता, आणि फोनवर सापडतो त्यापेक्षा कितीतरी लांबलचक. माप कमी भरणाऱ्या माणसाने पानभर लिहिलं होतं. चिमी वाचू लागली.

"मा. व्यवस्थापक साहेब यांस. सविनय अर्ज करतो की, माझ्या दोन्ही कानांत रात्रंदिवस शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. प्रेसवरून मला भांडारात बदली मिळावी. काम कोणतेही चालेल." याला चार वर्षं झाली होती.

दुसरा अर्ज, तिसरा अर्ज. मजकूर तोच, फक्त आधीच्या अर्जांच्या तारखा वर चढत गेलेल्या. चौथ्यात एकच ओळ: "वरील तिन्ही अर्जांची पोच तरी मिळावी ही विनंती." पाचवा, सहावा. सातव्याला कारखान्याच्या डॉक्टरचा छापील फॉर्म जोडलेला होता. त्यात एक चौकोन: या त्रासाचा रोजच्या जीवनावर काय परिणाम होतो ते लिहावे. चौकोन लहान होता. बाबांनी त्यात भरून, मग समासात, मग पान उलटून मागे लिहिलं होतं.

"समोर बसलेल्या माणसाचे ओठ दिसले तर कळते. पाठमोरे कळत नाही. माझी मुलगी वकिलीचे शिक्षण घेण्यास बाहेरगावी आहे. दर रविवारी दहा वाजता तिचा फोन येतो. वाजलेला कळत नाही म्हणून मी तो हातात धरून बसतो, थरथरला की उचलतो. ती बराच वेळ बोलते. आवाज तिचा आहे एवढे समजते, शब्द लागत नाहीत. तिला वाईट वाटू नये म्हणून मी मध्ये मध्ये हं म्हणतो. काय विचारले असता काय उत्तर येईल हे ठाऊक असेल असेच प्रश्न विचारतो."

चिमीने कागद खाली ठेवला. परत उचलला.

आठव्या अर्जाची तारीख दुसऱ्या वर्षाच्या निकालानंतरची होती. "कानाचे यंत्र मिळण्याबाबत" असा विषय, आणि शेवटी, अर्जाशी काही संबंध नसलेलं: "गेले तीन रविवार मुलीचा फोन आलेला नाही. माझ्याकडून काही चुकीचे उत्तर गेले असावे. कोणते, ते कळण्यास मार्ग नाही. तरी यंत्राचा विचार लवकर व्हावा."

नववा, दहावा. अकरावा अर्ज काम सोडण्याचा. "मुलीस यातले काही सांगितलेले नाही. सांगितले तर ती शिक्षण सोडून परत येईल, तिचा स्वभाव मला माहीत आहे. तरी या अर्जांना उत्तर द्यावयाचे झाल्यास ते घरच्या पत्त्यावर पाठवू नये, सुट्टीत ती घरी असते. निरोप पाठवल्यास मी येऊन घेऊन जाईन."

एकाही अर्जावर शेरा नव्हता. कारकुनाने भोक पाडून नीट ओवून ठेवले होते, बस.

"धूळ गेली का डोळ्यात?" जावईबापू विचारत होता. दोघी जेवायला पुढे गेल्या होत्या. साडेबारा वाजून गेले होते.

"हो, धूळ," चिमी म्हणाली. मग तोंडातून निघूनच गेलं, "ओळखीचं नाव आहे."

तो खुर्ची सरकवून जवळ आला, पण फाईलकडे बघितलं नाही, मुद्दाम पाठ करून उभा राहिला. तेवढं घराण्यातलं वळण त्याला होतं. "कितवा कागद?"

"सगळे. अकरा. सगळे वाचले मी."

 तो आवाज खाली आणून म्हणाला, "स्लिप भरलीस?"

"नाही."

"मग झालं तर. पहिलंच पान लिही आणि वर जा. नाव दिसलं, फाईल मिटली, आले. तुला दुसऱ्या कामावर टाकतील. आमचे बाबा सांगतात, दर वर्षी एखाद्याचं असं होतं." ती कोऱ्या स्लिपकडे बघत राहिली. तो म्हणाला, "अगं, जागा तुलाच मिळणार आहे. आम्हाला तिघांनाही माहीत आहे. दोन ओळींसाठी घालवू नकोस." आणि जेवायला निघून गेला. दीड आठवडा तिने या मुलाला नावं ठेवली होती.

ती जिना चढली, कोरी स्लिप हातात धरून. चार मजले होते, लिफ्ट होती, तरी जिनाच चढली. काय म्हणायचं ते पाठ झालं होतं. नाव दिसलं, फाईल मिटली.

मॅडमनी ऐकून घेतलं. नातं विचारलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझी चूक नाही," त्या म्हणाल्या. "यादीत जुनी नावं घालायला हवी होती, ती आमची चूक. किती वाचलंस?"

एक, एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलासुद्धा होता. आणि त्या क्षणी तिला वाटलं की आपण एक म्हटलं तर उरलेले दहा पुन्हा कुणीच न वाचलेले होतील. तीन वर्षं त्या माणसाने लिहिलं आणि पोचसुद्धा मिळाली नाही. आता पोच द्यायला एक माणूस सापडलं होतं, ते म्हणणार, नाही, मी काही वाचलं नाही.

"अकरा," चिमी म्हणाली. "सगळे. मागची बाजूसुद्धा."

मॅडमनी चष्मा परत लावला. मग म्हणाल्या, "पहिल्याला थांबली असतीस तर मी तुला उद्यापासून करारांच्या कामावर घेतलं असतं आणि शुक्रवारी द्यायचा तुझा नेमणुकीचा कागद तयार होता. खरंच तयार होता." त्यांनी खण अर्धा उघडला आणि परत लावला. "आता मला अशिलाला कळवावं लागेल. ज्या मुलीने त्यांच्या विरुद्ध जाणारे घरचे कागद वाचलेत तिला ते इथे बसू देणार नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं."

"आणि ते कागद?"

"कायद्याने जे पलीकडे द्यायचं ते जाईल. मी स्वतः बघेन. पण तू त्यातून बाहेर." मग खुर्चीतून पुढे वाकून, "तू सही केली आहेस. खाली वाचलेलं कुठे बोलायचं नाही. मैत्रिणीशी नाही, आणि घरी तर नाहीच. वडिलांना तू हे वाचलंस असं कळलं आणि ते उद्या साक्षीला उभे राहिले, तर त्यांच्याच शब्दाची किंमत जाईल. समजतंय ना?"

समजत होतं. चार वर्षं तेच शिकली होती. दैव देते आणि कर्म नेते, त्यातलं कर्म तिने स्वतःच्या हाताने केलं होतं, अकरा वेळा पान उलटून. स्लिपवर तिने पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंतचे आकडे घातले, सही केली आणि पिशवी उचलली. दारातून बाहेर पडताना शिपाई म्हणाला, "आज लवकर?" ती म्हणाली, "हो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती घरी गेली. कळवलं नाही, कळवायचं कसं? दुपारी दारात उभी राहून तिने घंटा दाबली. पुन्हा दाबली. पलीकडच्या काकू कपडे वाळत घालत होत्या, त्या तिथूनच ओरडल्या, "अगं, घंटा कसली वाजवतेस! तिकडून खिडकीसमोर जा, हात हलव. आम्ही तसंच करतो." म्हणजे गल्लीला माहीत होतं. काकूंना, दूधवाल्याला, सगळ्यांना. चिमीला त्यांचा नाही, स्वतःचा इतका राग आला की पिशवी हातातून गळली. सुट्टीत ती घरी असायची तेव्हा बाबा जेवताना तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचे आणि ती चिडून म्हणायची, "काय बघताय सारखं?"

खिडकीतून तिने हात हलवला. बाबा टेबलाशी बसून मोडकं घड्याळ उघडत होते. मान वर केली, क्षणभर ओळखलं नाही, आणि मग असे उठले की खुर्ची मागे पडली. पडलेली त्यांना कळली नाही.

"अशी अचानक?" ते दार उघडत म्हणाले. "सुट्टी?"

 तिने त्यांना हाताला धरून टेबलाशी आणलं, खुर्ची उचलून दिली, आणि आपली खुर्ची उजेडाकडे तोंड करून त्यांच्यासमोर ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. याआधी ती अशी कधी बसली नव्हती. बाबांनी चष्मा लावला आणि तिच्या ओठांकडे बघायला लागले.

"बाबा," ती म्हणाली, "मला जागा मिळाली नाही."

त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. शब्द पोचताना दिसत होते. तिने एवढी वर्षं पाठवलेल्यातला हा पहिला निरोप असावा जो अख्खा पोचला. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि ज्या प्रश्नाची तिने चार वर्षं दर रविवारी वाट बघून नाद सोडला होता तो विचारला.

"का गं? काय झालं?"

उत्तर घशाशी होतं. तुमचे अर्ज वाचले म्हणून, बाबा. सगळे वाचले, मागची बाजूसुद्धा. त्या तीन रविवारांत तुमचं काही चुकलं नव्हतं. तिने ओठ उघडले, मिटले. सही तिची होती, आणि किंमत त्यांच्या शब्दाची जाणार होती.

"जागा कमी होत्या," ती पुटपुटली.

बाबा पुढे वाकले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी तिच्या तोंडाजवळ तोंड आणलं. आजवर न कळलेल्यावर ते हं म्हणून पुढे जायचे. आज त्यांनी तसं केलं नाही.

"कळलं नाही मला," बाबा म्हणाले. "पुन्हा सांग. नीट सांग."

मग चिमीने ते खोटं पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, ओठ स्पष्ट हलवत, त्यांना पूर्ण कळेपर्यंत.